वाऱ्याला उभी न राहणारी माणसे

परवा मोशीच्या चौकात दहा-बारा पोरे सायकली लावून चहा पीत उभी होती. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर टोपडी, आणि सायकली इतक्या हलक्या की एका हाताने उचलून खांद्याला लावाव्यात. मी बघत उभा राहिलो तसे त्यातल्या एकाने मला समजावून सांगितले की पुढच्या आठवड्यात त्यांची 'क्रायटेरियम' आहे. बंद केलेल्या छोट्या रस्त्यावर ठरलेल्या फेऱ्या मारायच्या, सगळ्यांत आधी फेऱ्या संपवील तो पहिला. "आजोबा, नुसती ताकद असून चालत नाही, डोकं लागतं," असेही तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो. हीच शर्यत मी त्याच्या बापाच्या जन्माआधी भोसरीच्या कारखान्यांच्या ब्लॉकांमधून पळालो आहे, हे त्याला सांगून काय उपयोग? आम्ही तिला चकरी म्हणायचो. मला अजून राग येतो. सायकलींचा घोळका दिसला की हमखास येतो, आणि तो गेलेला मला चालणारही नाही.

आणीबाणी उठून वर्षभर झाले असेल. मी भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रावर होतो, टेंपररी. कायम करावे लागेल इतके सलग नोकरीचे दिवस भरत आले की कंपनी आम्हाला घरी बसवायची, आणि काही आठवड्यांनी नवा माणूस घेतल्यासारखे पुन्हा घ्यायची. मागचे सगळे पाण्यात. याला 'ब्रेक' म्हणायचे. शर्यतीसाठी मी सायकलचे ब्रेक ढिले करून ठेवले होते, नोकरीचे मात्र कंपनीच्या हातात होते. वडील लवकर गेलेले. ब्रेक लागला की आई मोशीच्या खाणीवर खडी फोडायला जायची, कारण ब्रेकमधल्या तरण्या पोरापेक्षा मुकादमाला जुनी, न बोलणारी बाई बरी वाटायची. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की पीठ तिच्या बोटांच्या भेगांत जाऊन बसे. ते बघून मला जेवण जायचे नाही. मला कायम व्हायचे होते. दुसरे काहीही नको होते.

कंपनीची सायकलची टीम होती आणि टीममध्ये राहून चकरीत नाव काढणाऱ्याला कायम करतात असे सगळ्या शॉपमध्ये बोलले जायचे. मी मोशीहून रोज नाशिक रस्त्याने सायकल मारत यायचो आणि एस.टी.च्या मागे लागून तिला गाठायचो, हे टीमच्या कप्तानाने एकदा पाहिले. कप्तान टूल रूममधला टर्नर, भोसरी गावातला, मोठ्या घरातला, कधीचा कायम झालेला. त्याने मला बोलावले. "येत्या गुरवारी ये," म्हणाला.

गुरुवार, कारण आमच्या पट्ट्याची आठवड्याची सुट्टी गुरुवारची. जग रविवारी लोळत असताना आमचे भोंगे वाजायचे, आणि गुरुवारी ब्लॉकचे सगळे रस्ते मोकळे पडायचे. कारखान्यांच्या भिंतींना वळसा घालणारा चौकोनी रस्ता, चार वळणे, ही आमची चकरी. पहिल्याच गुरुवारी मी पहिल्याच वळणावर पडलो. ट्रकांतून सांडलेला लोखंडाचा कीस तिथे पडलेला असायचा, तो गुडघ्यात शिरला. कप्तान उतरला नाही. फेरी मारून परत आला तेव्हा म्हणाला, "वळणाच्या आधी दाब बिरेक. वळनात न्हाई. आतला पायडल वर ठिव. आन नजर जिकडं जायचं तिकडं. गटाराकडं बघशील तर गटारातच जाशील."

शिकवायचा उत्तम. हे मी नाकबूल करत नाही. राग धरायचा तर पूर्ण माणसावर धरावा, आपल्या सोयीच्या अर्ध्यावर नाही. वळणातून बाहेर पडताना ढुंगण उचलून चार पायडल कसे मारायचे, दुसऱ्याच्या हँडलला कोपर लागले तर दचकायचे नाही, हे त्याने शिकवले. आणि वारा शिकवला. चकरीत खरे भांडण वाऱ्याशी असते. पुढचा माणूस वारा फोडतो आणि त्याच्या मागच्या चाकापासून वितभर अंतरावर जो राहील त्याला आयता आडोसा मिळतो. म्हणून टीमने आळीपाळीने पुढे यायचे, प्रत्येकाने थोडा वारा खायचा. नियम असा. माझी पाळी आली की मात्र ती संपायचीच नाही. मी बाजूला व्हायला लागलो की मागून कप्तान म्हणायचा, "राव, तुझ्या छातीत भाता हाय. ओढ अजून एक फेरी." भाता हाय म्हटल्यावर मी हुरळून जायचो आणि ओढायचो. त्याच्या मागे त्याचा मेहुणा असायचा, माझ्यासारखाच टेंपररी, माझ्याच वयाचा. त्याच्या कपाळावर घाम आलेला मी क्वचित पाहिला.

पाण्याची एक ॲल्युमिनियमची बाटली असायची, कप्तानाच्या हँडलला टांगलेली. चालत्या सायकलीवरच ती एकाकडून दुसऱ्याकडे जायची, तोंड लावून प्यायची आणि पुढे द्यायची. माझ्यापर्यंत आली की कप्तान ती परत घ्यायचा, माझ्या बरोबरीने सायकल आणायचा आणि म्हणायचा, "वंजळ धर." आम्ही बौद्ध. वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला होता. गावाने तो घेतल्याचे मनावर घेतले नव्हते. तर मी दोन्ही हात सोडून ओंजळ धरायचो आणि तो वरून धार सोडायचा. दोन्ही सायकली पळत असायच्या. अर्धे पाणी कोपरांवरून खाली. हात सोडून सायकल मारायला मी असा शिकलो, आणि वेड्यासारखा तो गुणही मिरवायचो. "बघा, कसा हात सोडून पितो," असे मेहुणा म्हणायचा तेव्हा मीही हसायचो. आज ते हसणे आठवले की तळपायाची आग मस्तकाला जाते.

आईला मात्र मी एकदा उत्साहाने सगळे समजावले. चुलीपुढे पाटावर लाटणे पुढे, वाटी मागे ठेवून दाखवले की पुढचा वारा कसा फोडतो आणि मागचा कसा सुखात चालतो. तिने विचारले, "मंग म्होरं कोन असतंय?"

"मी."

"आन मागं?"

मी कप्तानाचे घराणे सांगितले. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. "त्येच्या आज्याच्या शेतावर मी निंदायला जायची. सावली पडल म्हून आमाला बांधाच्या पल्याड बशिवत्यात, आन तू सांगतो त्ये लोक तुज्या पाटीमागं चिकटून चालत्यात? आपल्या वाऱ्याला उभी न्हाई ऱ्हायली ती मान्सं कवा."

वाऱ्यालाही उभे न राहणे. मराठीत सगळेच हे बोलतात, भांडण झाले की बोलतात, मीही शंभरदा बोललो असेन. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला शब्दाशब्दाने ऐकू आले. माझ्या वाऱ्याला उभी न राहणारी माणसे दर गुरुवारी माझ्याच वाऱ्याला येऊन चिकटत होती, आणि तहान लागली की मला ओंजळ धरायला लावत होती. माझा आडोसा चालायचा. त्यांच्या बाटलीला माझे तोंड चालायचे नाही. मी जेवलो नाही. आईवरच चिडलो, कारण ती समोर होती.

तरीही मी टीम सोडली नाही. त्या वर्षीच्या चकरीआधी कप्तानाने मला कँटीनच्या मागे नेले आणि सांगितले, "औंदा मेहुन्याला पहिला आनायचा. तू शेवटपर्यंत वढ, मी सायबाच्या कानावर घालतो. तुजं काम झालं समज." मी ओढले. माझ्या नाकातोंडाला फेस आला. शेवटच्या वळणावर मेहुणा माझ्या पाठीमागून निघाला आणि ताज्या पायांनी पहिला आला, मी कितवा आलो ते कोणी बघितलेसुद्धा नाही. महिनाभरात मेहुणा कायम झाला. मला ब्रेक लागला. कप्तानाला विचारायला गेलो तर लेथ बंद न करता म्हणाला, "सायेब म्हनलं, नंबर आलेल्यालाच करनार. म्या काय करू?" चांगली पाने पुसली माझ्या तोंडाला. आई परत खाणीवर गेली.

ब्रेक संपवून आलो तो थेट पर्सोनेलच्या साहेबांकडे. त्यांना विचारले, नंबर काढला तर नक्की कायम करणार का. साहेब पुण्याचे, बोलायला गोड. चष्मा पुसत म्हणाले, "पहिला ये. पहिला आलास तर मी स्वतः सही करीन. बास?" मी बास म्हणालो.

पुढचे वर्षभर मी टीमबरोबर गुरुवार केले, पुढे राहून ओढले, ओंजळ धरली, आणि एकटा असताना वारा बघितला. वैशाखात आमच्याकडे दुपार कलली की पश्चिमेकडून वारा सुटतो. चकरीची एक लांब बाजू दक्षिणेकडून उत्तरेकडे जायची. तिथे वारा डाव्या अंगाला लागायचा. वारा समोरून असेल तर आडोसा पाठीमागे असतो. तो डावीकडून असला तर आडोसा उजव्या बाजूला तिरका पडतो. म्हणजे पुढच्याने रस्त्याच्या अगदी उजव्या कडेने सायकल मारली तर मागच्याला आडोशासाठी जागाच राहत नाही. हवाच असेल आडोसा तर त्याने गटारात उतरावे. हे मला कोणी शिकवले नाही. रागाने शिकवले म्हटले तरी चालेल.

शर्यतीच्या गुरुवारी ब्लॉकमधल्या बऱ्याच कारखान्यांची पोरे आली होती. मांडव, खुर्च्या, सरबत. सुरू होण्याची आणि संपण्याची जागा मांडवापुढेच. वीस फेऱ्या. मांडवात एक माणूस फळ्यावर खडूने फेऱ्या मोजायला आणि शेवटच्या फेरीला घंटा द्यायला. कप्तान जवळ येऊन म्हणाला, "झालंगेलं इसर. मेहुन्याला दुसऱ्यांदा ढाल पायजे. तू वढ, औंदा मी सोता बघतो तुजं." मी म्हणालो, "बरं, भाऊ."

पहिल्या चार फेऱ्या ओढले, नेहमीसारखे. माझ्या मागे कप्तान, त्याच्या मागे मेहुणा, त्यांच्या मागे सगळा घोळका. पाचव्या फेरीला उत्तरेच्या रस्त्याला लागलो आणि मी हळूहळू उजव्या कडेला सरकलो. कडेला घासून चाललो. वारा डावीकडून शिट्टी घालत होता. आधी मागून ओरडा आला, "अरे, आत घे, आत घे." मी आत घेतले नाही. जोर वाढवला. कोणाचे तरी चाक मातीत गेले, कोणी तरी शिवी दिली, आणि वळणावर तोंड फिरवून पाहिले तर माझ्या आणि कप्तानाच्या मध्ये दोन ट्रक मावतील एवढी जागा पडली होती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने शिवी हासडली, कोणाला ते माहीत नाही.

मग मी एकटाच. सगळा वारा माझा. मागे काय झाले असेल ते मला दिसत नव्हते पण कळत होते: कप्तान मेहुण्याला पुढे हो म्हणत असणार, मेहुणा कप्तानाला. वर्ष-वर्ष दुसऱ्याच्या आडोशाला काढलेली माणसे, त्यांची वारा खायची सवयच मोडली होती. पुढे यायला कोणी तयार नाही. मी वळणे कापत होतो, बाहेरून आत, आत लागून परत बाहेर, ब्रेकला बोट न लावता. दहाव्या फेरीच्या सुमारास ते मला पलीकडच्या रस्त्यावर, म्हणजे बरोबर माझ्या समोर, दिसले. पंधराव्याला ते माझ्या पुढे दिसायला लागले. मी त्यांना मागून गाठत होतो. अख्खी एक फेरी त्यांच्या अंगावर चढवत होतो.

चकरीची हीच गंमत आहे. सरळ रस्त्यावर पुढचा माणूस पुढेच दिसतो. गोल फिरताना मात्र तुम्ही अर्ध्या फेरीहून जास्त पुढे गेलात की बघणाऱ्याला मागे दिसायला लागता, आणि जवळजवळ पूर्ण फेरी पुढे गेलात की घोळक्याच्या अगदी पाठीशी. बघणाऱ्याने डोळे उघडे ठेवले असतील तर त्याची फसगत होत नाही. पण मांडवात सरबत वाटले जात होते. आधी घोळका येतो, मग बऱ्याच वेळाने एकटे पोर धापा टाकत येते, त्या पोराचा चेहरा माझा. ते मागे पडलेले आहे, हे ठरवायला कोणाला विचार करावा लागला असेल असे मला वाटत नाही.

एकोणिसाव्या फेरीच्या शेवटी मी घोळक्याला गाठले. कप्तानाने मान वळवून मागे पाहिले. माझी त्याची नजरानजर झाली. त्याला सगळे समजले. त्याच्या ओठांची हालचाल झाली आणि चेहरा उतरला, ते मी हातभर अंतरावरून पाहिले आहे. उरलेली फेरी मी त्यांच्या मागे राहून काढली. त्यांच्या आडोशाला. फार सुख वाटले, खोटे कशाला बोलू.

मांडवापुढे आलो आणि घंटा झाली. ती त्यांच्यासाठी होती, त्यांची एक फेरी उरली होती. माझ्या वीस झाल्या होत्या. प्रेसवर दिवसभर ठोके मोजणाऱ्याला वीस फेऱ्या मोजायला फळा लागत नाही. मी हात वर केला आणि थांबलो. मांडवातून हशा आला. "एक फेरी ऱ्हायली की रे," कोणी म्हणाले. "दमला. सोडली." मी सांगत राहिलो की माझ्या झाल्या, मी पहिला आहे. घंटेवाला माणूस माझ्याकडे दुखणाइताकडे बघावे तसा बघत होता. तेवढ्यात घोळका फेरी मारून आला, मेहुण्याने दोन्ही हात वर केले आणि त्याच्या गळ्यात हार पडला.

मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. माझा आवाज चढला होता. साहेब म्हणाले, "ओरडू नकोस, विचारू या ना. मागे-पुढे कोण होते ते तुमच्या कप्तानाला ठाऊक असणार." त्यांनी कप्तानाला हाक मारली. त्याचा शब्द कंपनीत चालायचा आणि तो एक शब्द बोलला असता तर माझा जन्म बदलला असता.

"हा पुढे होता की मागे?"

कप्तानाने टॉवेलने तोंड पुसले, सावकाश. "मागं व्हता सायेब. घंटा झाली तवा आमच्या मागनंच आला. समद्यांनी बघितलंय."

मी म्हणालो, "भाऊ, फेरीनं पुढं होतो मी. तुम्ही वळून बघितलंत मला."

"मागं व्हतास म्हनूनच वळून बघितलं न्हवं?" तो म्हणाला.

लोक हसले. साहेबही हसले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, खिलाडू वृत्ती ठेवावी. तो हात मी झटकला, एवढेच मी केले. कप्तानाच्या त्या वाक्यात खोटे काय आहे ते मी इतकी वर्षे शोधतो आहे. एकही शब्द खोटा नाही. कोर्टात जरी गेलो असतो तरी त्या माणसाला खोटारडा ठरवता आले नसते, आणि म्हणूनच हा राग म्हातारा होत नाही. त्याने सरळ खोटे बोलायला हवे होते. मी त्याला माफ केले असते.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला गेलो. गेटवरच्या रॅकमध्ये माझे कार्ड नव्हते. वॉचमनने ओळखीचा असून ओळख न दाखवता सांगितले, "ब्रेक लागला तुला."

घरी परतलो तेव्हा आई अंगण झाडत होती. शिफ्टच्या वेळेला मला दारात बघून तिने खराटा भिंतीला टेकवला, आत गेली, आणि कोपऱ्यातला खडी फोडायचा हातोडा घेऊन बाहेर आली. मी म्हणालो, मीही येतो. सायकलवर बस, सोडतो. मग दोघांचेही लक्ष गेले. सायकल हलकी व्हावी म्हणून मी कॅरिअर काढून भंगारात घालून टाकले होते. तिला बसायला जागा नव्हती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चल, मुकादम परत धाडंल उशीर झाला तर."

मी सायकल तिथेच लावली आणि आम्ही खाणीपर्यंत चालत गेलो.